वरून खाली विणलेले बटणांचे जाकीट: चाचणीसाठी विणल्यावर आणि काही महिने वापरल्यावर

एका डिझायनरच्या नव्या पॅटर्नची, म्हणजे विणण्याच्या लेखी सूचनांची, चाचणी म्हणून मी हे बिनबाह्यांचे जाकीट विणले आणि गेले काही महिने ते मुंबईत नियमित वापरत आहे. चाचणीचा अहवाल, म्हणजे मापे, लागलेले सूत, आढळलेल्या त्रुटी आणि छायाचित्रे, जाकीट धुऊन सपाट वाळवले की लगेच पाठवायचा असतो. त्या अहवालात वापराबद्दल काहीच लिहिता येत नाही, आणि माझ्या मते या पॅटर्नविषयी सर्वांत महत्त्वाचे सांगण्यासारखे वापरातूनच कळले.

रचना मला मनापासून आवडली. पाठीच्या खांद्यांपासून सुरुवात होते, शॉर्ट रो घालून, म्हणजे अर्ध्यातून परतणाऱ्या ओळी विणून, खांद्याला उतार दिला जातो आणि पाठ मुंढ्यापर्यंत नेली जाते. मग त्याच सुरुवातीच्या कडेवरून टाके उचलून पुढचे दोन्ही भाग खाली विणायचे, काखेत नवे टाके घालून तिन्ही भाग एका सुईवर जोडायचे आणि घेरापर्यंत सलग उतरायचे. शेवटी मुंढ्यांच्या आणि गळ्याच्या पट्ट्या. कोठेही शिवण नाही, आणि टाके उचललेली खांद्याची रेघ इतकी घट्ट बसते की संपूर्ण कपड्याचे वजन तीच पेलते. वापरानंतरही माझ्या जाकिटाचे खांदे तसूभर उतरलेले नाहीत.

पॅटर्नचा ताण, म्हणजे विणीचे माप, 10 सेंटिमीटरमध्ये 22 टाके आणि 30 ओळी असा आहे. नमुन्याचा तुकडा विणताना बहुतेक जण टाके मोजतात आणि ओळींकडे दुर्लक्ष करतात. वरून खाली विणताना मात्र मुंढ्याची खोली ओळींवर ठरते. माझ्या मापात ती 63 ओळी, म्हणजे 21 सेंटिमीटर होती. कोणाच्या हातून 10 सेंटिमीटरमध्ये 28 ओळी बसत असतील, तर तोच मुंढा साडेबावीस सेंटिमीटरचा होईल आणि काखेत झोळ येईल. म्हणून तुकडा मोठा विणावा, जाकीट जसे धुणार तसाच धुवावा आणि वाळल्यावरच मोजावा.

त्रुटी एकच, पण शिकण्यासारखी होती. जोडणीच्या ठिकाणी पाठीचे 92, पुढचे 55 आणि 55 आणि काखेचे 10 आणि 10 असे टाके दिले होते. त्यांची बेरीज 222 होते, पण छापलेला आकडा 218 होता. काखेचे टाके आधी 8 असावेत आणि बदलताना बेरीज तशीच राहिली असावी, असे मी कळवले आणि डिझायनरने तत्परतेने दुरुस्ती केली. अडखळायला झाले ते दुसऱ्या जागी. गळ्याची वाढ, म्हणजे तिथले टाके वाढवणे, दर चौथ्या ओळीला आणि मुंढ्याची दर दुसऱ्या ओळीला, या दोन सूचना एकाच वेळी पाळायच्या असतात, आणि काही मापांत गळ्याची वाढ जोडणीनंतरही चालू राहते. आकडे बरोबर असूनही हा परिच्छेद नवशिक्या व्यक्तीला पार करता येणार नाही. तेथे मापागणिक ओळींचा तक्ता हवा, असे मी सुचवले. अंतिम आवृत्तीत तो आला याचे मला फार समाधान आहे.

आता मुख्य मुद्दा. मूळ नमुना मेरिनो लोकरीत विणलेला होता. मुंबईच्या हवेत लोकर अंगावर ठेवणे कठीण, म्हणून परवानगी घेऊन मी सुती धागा वापरला. कापसाचा तंतू लोकरीपेक्षा जड असतो आणि त्याला लोकरीसारखी नैसर्गिक लवचीकता नसते; ताणला गेला की तो स्वतःहून पूर्ववत होत नाही. वातानुकूलित लोकलमध्ये आणि कार्यालयात कुर्त्यावर घालायला जाकीट उत्तम आहे, पण काही आठवड्यांतच त्याची लांबी सुमारे 3 सेंटिमीटरने वाढली. येथे वरून खाली विणण्याचा लाभ मिळाला: बंद केलेली खालची कड उसवली, काही ओळी कमी केल्या आणि पट्टी पुन्हा विणली. खालून वर विणलेल्या कपड्यात सुरुवातीच्या कडेकडून असे सरळ उसवता येत नाही.

बटणपट्टीसाठी पॅटर्न दर 4 ओळींना 3 टाके उचलायला सांगतो. 22 आणि 30 या ताणाला हे प्रमाण जवळपास अचूक आहे आणि लोकरीत पट्टी सपाटच बसेल. सुती धाग्यात मात्र बटणांच्या वजनाने ती लोंबू लागली. चाचणी करताना पॅटर्न लिहिल्याबरहुकूम विणणे हे कर्तव्यच असते, आपल्या सोयीचे बदल केले तर चाचणी कशाची झाली हेच कळत नाही. म्हणून प्रमाण मी बदलले नव्हते. नंतर पट्टीच्या आतून घट्ट विणीची रिबीन हाताने टाचली आणि भुलेश्वरच्या गल्लीतून आणलेली जड धातूची बटणे काढून नारळाच्या करवंटीची हलकी बटणे लावली. पट्टी आता सरळ राहते. स्वतःसाठी सुती जाकीट विणणाऱ्यांनी पट्टीला एक आकडा बारीक सुई घ्यावी आणि रिबीन सुरुवातीलाच लावावी.

पावसाळ्यात जाकीट दोरीवर कधीही टांगू नये. टॉवेलात गुंडाळून पाणी दाबून काढावे आणि पंख्याखाली सपाट पसरावे. तरीही दमट दिवसांत वाळायला दोन दिवस सहज लागतात आणि घाई करून कपाटात ठेवले तर कुबट वास धरतो.

चाचणीच्या मोबदल्यात पॅटर्न विनामूल्य मिळाला, धागा माझा होता. हा व्यवहार मला मान्य आहे, कारण मुदत पुरेशी होती आणि प्रत्येक शंकेला उत्तर मिळाले. मुदत तुटपुंजी ठेवून महागडा ठरावीक धागाच घ्यायला लावणाऱ्या चाचण्या मात्र स्वीकारू नयेत. वापरानंतरची ही सर्व निरीक्षणे मी डिझायनरला स्वतंत्रपणे कळवली असून, सुती धाग्यासाठी पट्टीच्या टाक्यांचे वेगळे प्रमाण पॅटर्नमध्येच द्यावे, अशी विनंतीही केली आहे.