दादरच्या अन्नपूर्णाची पुरणपोळी आणि तिच्यामागची माणसं

आईच्या पंच्याहत्तरीचं जेवण कुठून मागवलं होतंस, असं नात्यातल्या आणि ऑफिसातल्या बऱ्याच जणींनी विचारलं. प्रत्येकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. जेवण दादरच्या अन्नपूर्णा महिला मंडळाकडचं होतं. चांगलं होतं, पुन्हा मागवणार आहे. पण ते का मागवलं, हे चवीइतकंच महत्त्वाचं आहे, आणि त्याला बराच मागचा इतिहास आहे. तोही सांगते.

आधी जेवण. पुरणपोळी, कटाची आमटी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, कुरडया, साधा वरण-भात. आई पोळी नेहमी कडेने तोडते. मधे पुरण कुणालाही भरता येतं, कड रिकामी राहिली की लाटणारी नवशिकी, असं तिचं म्हणणं. तिने पहिली पोळी तोडली तेव्हा मी तिच्याकडेच बघत होते. पुरण अगदी कडेपर्यंत पोचलेलं होतं आणि पारी कुठेही फाटलेली नव्हती. पाठीवर तांबूस डाग, वेलदोड्यापेक्षा जायफळाचा वास पुढे, गूळ बेताचा. आमटी पातळ होती, असायला हवी तशीच, चिंच-गूळ-गोडा मसाला एकमेकांवर न चढणारे. आईने दुसरी पोळी मागून घेतली. तिला मधुमेह आहे म्हणून आम्ही सगळे "अगं अर्धीच" म्हणत होतो, तिने ऐकलं नाही.

त्याआधी एका घरगुती समारंभाला दुसऱ्या एका केटररकडून पोळ्या आणल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत घाम सुटून त्या एकमेकींना अशा चिकटल्या होत्या की वाढताना पुरण एकीकडे आणि पारी दुसरीकडे. तेव्हापासून आई बाहेरच्या पोळीचं नाव काढू देत नव्हती. अन्नपूर्णाचं नाव घेतल्यावर मात्र लगेच हो म्हणाली. त्याचं कारण माझी आजी, आईची आई.

आजी लालबागला चाळीत खानावळ चालवायची. पाटी नाही, टेबल-खुर्ची नाही, राहती खोली तीच खानावळ. तिच्याकडे वीसेक मेंबर असायचे. मेंबर म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणारे गिरणी कामगार. बहुतेक कणकवली-देवगडकडचे, थोडे साताऱ्याचे. बायका-मुलं गावाला, आणि हे इथे एकेका गाळ्यात पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपणार. पहिल्या पाळीवाल्याचा डबा पहाटे तयार हवा, दुसऱ्या पाळीवाला दुपारी जेवून निघणार, रातपाळीवाला सकाळी डोळे चोळत येऊन पानावर बसणार. म्हणजे आजीचा स्टोव्ह थंड व्हायला वेळच नाही. आईचं लहानपण त्या स्टोव्हच्या आवाजात गेलं. शाळेतून आल्यावर तिचं काम वही लिहायचं, कारण आजीला लिहिता येत नव्हतं. प्रत्येक मेंबराचं एक पान. कोण गावी गेला, त्याचे किती खाडे, कुणी रविवारी मटणाचं जादा ताट घेतलं, कुणाची मागच्या महिन्याची बाकी पुढे ओढायची, सगळं त्यात.

या धंद्याची मेख अशी की पैसे पगार झाल्यावर, आणि पीठ-तेल-रॉकेल मात्र आज. मधली सगळी ओढाताण खानावळवालीने सोसायची. वाणी उधारीवर द्यायचा, पण चढ्या भावाने आणि खड्यांचे तांदूळ. ते निवडायला पुन्हा हिचाच वेळ जाणार. त्यानेही भागलं नाही की सावकार, महिन्याला शेकडा दहाने. आजीच्या पाटल्या वर्षातून किती वेळा गहाण पडायच्या आणि सुटायच्या याचा हिशेब त्या वहीत नव्हता. एवढ्या कामगारांची पोटं जिच्या हातावर, तिची गणना ना कामगारांत, ना दुकानदारांत. नवरा गिरणीत असला तर त्याची बायको, एवढीच तिची नोंद.

हे ज्यांच्या नजरेतून सुटलं नाही त्या प्रेमा पुरव. जन्म गोव्याचा, कोवळ्या वयातच गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत येऊन गिरणगावच्या कामगार चळवळीत काम केलेल्या. १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं आणि छोट्या धंदेवाल्याला कर्ज द्यायचं, असं सरकार म्हणत होतं. पण खानावळवाली बँकेत जाऊन दाखवणार काय? परवाना नाही, खोली भाड्याची, तीही नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर. प्रेमाताईंनी १९७५ साली १४ खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज त्यांच्यापर्यंत आणलं. तारण काय, तर बायकांनी एकमेकींची हमी घ्यायची. एकीने हप्ता चुकवला तर गटातल्या बाकीच्या तिच्या दारात उभ्या. आज बचत गट आणि सूक्ष्म वित्त हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. गिरणगावातल्या चाळींच्या गॅलरीत हे काम तेव्हाच चालू झालं होतं, पीठ भिजवता भिजवता.

आजी त्यात आली ती शेजारणीच्या मागे लागण्यामुळे. कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायची तिला लाज वाटली म्हणून आईनेच तिला सही शिकवली, खानावळीच्याच वहीच्या मागच्या पानांवर. आईकडे ते पान अजून आहे. पाच अक्षरं, ओळीनं पुन्हापुन्हा, आणि खालच्या ओळींत हात हळूहळू स्थिरावलेला दिसतो. कर्जातून पहिलं काय केलं, तर धान्य रोखीने घेतलं. वाण्याचा भाव आणि तांदळातले खडे, दोन्ही एकदम कमी झाले.

मग १८ जानेवारी १९८२ आला. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप दोन महिन्यांत मिटेल, चार महिन्यांत मिटेल, असं म्हणत म्हणत तो रीतसर कधी मिटलाच नाही. त्या काळात गिरणगावात उपाशी माणसाला ताट कुणी वाढलं, याबद्दल फार कमी लिहिलं-बोललं जातं. ते वाढलं खानावळवाल्यांनी, उधारीवर, उधारी येणार नाही हे दिसत असताना. आजीनेही वाढलं, जमेल तितके दिवस. मेंबर एकेक करून गावाला गेले, त्यातले बरेच परत आले नाहीत आणि वहीतली त्यांची पानं तशीच उघडी राहिली. त्यांना बोल लावताना मी आजीला कधी ऐकलं नाही. बँकेचा हप्ता मात्र तिने भरला. तो चुकला असता तर गटातल्या दुसऱ्या बाईचं कर्ज अडलं असतं.

गिरण्या गेल्या, मेंबर गेले, तेव्हा अशा संस्थेने बस्तान गुंडाळलं असतं तरी कुणी दोष दिला नसता. मंडळाने केटरिंग, कँटीन, तयार पदार्थ अशा वाटा धरल्या, बायकांना मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करायचं शिक्षण दिलं, वाशीला नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह उभं केलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये हेच काम नेलं. १९९३ पासूनचा अन्नपूर्णा परिवार तो. भाजीवाल्या, धुणी-भांडी करणाऱ्या बायका, त्यांना कर्ज, आजारपणासाठी एकमेकींच्या वर्गणीतून विमा, मुलांना पाळणाघर. मला यातलं पाळणाघर सगळ्यात मोलाचं वाटतं. कर्ज मिळालं तरी मूल कुठे ठेवायचं हा प्रश्न सुटल्याशिवाय बाई धंद्याला उभी राहू शकत नाही, हे ज्याने बाईचा दिवस जवळून पाहिलाय त्यालाच सुचतं.

हे सगळं जेवणाच्या परीक्षणात कशाला, असं कुणी म्हणेल. माझ्या मते तिथेच हवं. हल्ली मोठ्या हॉटेल कंपन्यांच्या मेनूकार्डाच्या मागे "आम्ही समाजाचं देणं लागतो" असा एक परिच्छेद असतो. त्यांच्यातल्या मोठ्यांना तो खर्च कायद्यानेच करावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ज्यांचा निव्वळ नफा ५ कोटींच्या वर किंवा उलाढाल १ हजार कोटींच्या वर, अशा कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर घालायचे. त्यातून शाळांना बाकं मिळतात, दवाखान्यांना यंत्रं मिळतात, आणि ती मिळायलाच हवीत. पण हा पैसा नफा झाल्यावरचा. त्याच हॉटेलच्या मोरीत रात्री बारापर्यंत भांडी घासणाऱ्या बाईच्या हातात काय पडतं, तिला सुट्टी मिळते का, तिच्या मुलाकडे कोण बघतं, हे त्या परिच्छेदात नसतं. मला एखाद्या हॉटेलचं समाजकार्य जोखायचं असेल तर मी आधी मोरीकडे बघेन, मग शाळेच्या बाकांकडे.

अन्नपूर्णात दिलेल्या पैशाला असं वळसा घालून समाजाकडे जावं लागत नाही. पोळी लाटणाऱ्या बाईची मजुरी हाच त्या पैशाचा पहिला थांबा. सरकारने २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू केली. ग्राहकाला १० रुपये, वरचे पैसे सरकारचे, आणि पुष्कळ ठिकाणी केंद्रं बचत गटांच्या बायकांकडे. तीही मला मनापासून आवडलेली योजना, लॉकडाऊनमध्ये तर ५ रुपयांत तिने किती जणांना तारलं. पण सरकारी अनुदान रखडलं की केंद्र चालवणारीचे हाल होतात. आपल्यासारख्या गिऱ्हाइकाने पूर्ण पैसे मोजून मागवलेलं जेवण ही तिच्यासाठी जास्त भरवशाची गोष्ट आहे. म्हणून "बायकांची संस्था आहे ना, मग स्वस्त देतील" अशा अपेक्षेने कुणी जाऊ नये आणि घासाघीस तर मुळीच करू नये. लग्नाच्या हॉलवाल्याशी आपण कधी घासाघीस करतो? पोळीवालीशीच का करतो?

आता मागवणाऱ्यांसाठी थोडं. आमचं जेवण घरच्यांपुरतं होतं, तेवढ्या मापाला ते उत्तम झालं. मोठ्या कार्याचा अनुभव मला नाही, त्यांच्याशी बोलून ठरवा. पोळ्या आणल्यावर लगेच डब्यात कोंबू नका. सुती कपड्यावर पसरून वाफ जाऊ द्या, मग एकावर एक ठेवा. गरम करायच्या तर तव्यावर, मंद आचेवर, तूप वरून. मायक्रोवेव्हमध्ये पारी चिवट होते. कटाची आमटी दुपारपेक्षा रात्री जास्त चवदार लागते, म्हणून थोडी जास्तच सांगा. आणि होळी, पाडवा अशा दिवसांना पुष्कळ आधीपासून सांगून ठेवा. त्या दिवशी पोळी अख्ख्या मुंबईला हवी असते.

आमच्या ऑफिसात कुणी निवृत्त झालं की ठरलेल्या एका हॉटेलातून तेच ते पनीर आणि नान येतं. पुढच्या महिन्यात आमच्या खात्यातले दोघं निवृत्त होतायत, त्यातल्या एकाचे वडील परळच्या गिरणीत होते. जेवणाची जबाबदारी मी मागून घेतलीय. माणशी दोन पोळ्या धरल्यात.