नोकरीसाठी एक रुपयाही मागितला नाही, आणि माझे 53,500 रुपये गेले

आधी रक्कम सांगते, कारण पोलीस ठाण्यात, बँकेत आणि घरातही सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. 13 ऑगस्टला 6,850. 18 तारखेला 9,400. 23 ला 14,500. आणि 26 ऑगस्ट 2025, हरितालिकेच्या दिवशी, 22,750. एकूण 53,500 रुपये. चारही वेळा मीच दिले, माझ्याच फोनवरून. शिवाय सहा दिवस रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून घरबसल्या डेटा एंट्रीचं जे काम केलं त्याचे ठरलेले 19,200 रुपये कधी आलेच नाहीत.

मी अडाणी नाही. बी.कॉम. झालेली आहे, लग्नाआधी भोसरीच्या एमआयडीसीत सहा वर्षं अकाउंट्सला होते. मुलगी झाल्यावर नोकरी सोडली, आता ती अकरावीला आहे. कुणालाही कधी ओटीपी दिला नाही. घरबसल्या पेन्सिल पॅकिंग, महिना तीस हजार, असल्या जाहिराती मी न वाचता पुढे सरकवते. नोकरी द्यायच्या आधी जो पैसे मागतो तो चोर, हे मला पाठ होतं आणि मी चार जणींना सांगतही होते. या चोरांनी मला नेमकं तिथेच पकडलं. त्यांनी आधी पैसे मागितलेच नाहीत. "मॅडम, रजिस्ट्रेशन फी नाही, डिपॉझिट नाही, ट्रेनिंगचे पैसे नाहीत," हे एचआरवाल्या मुलीनं तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर माझी उरलीसुरली शंका गेली.

"न भेटता, न बघता नोकरी कशी धरलीस?" असं आता सगळे विचारतात. त्यांना माझं एकच विचारणं आहे, आज भेटून नोकरी कोण देतं? आम्ही रविवारचा पेपर आणून जाहिरातीवर पेनानं गोल करायचो, बायोडाटाच्या झेरॉक्स घेऊन रांगेत उभं राहायचो. 2020 च्या टाळेबंदीनंतर ते सगळं बदललं. माझ्या नणंदेच्या मुलीची मुलाखत व्हिडिओवर झाली, ऑफर लेटर ईमेलनं आलं, लॅपटॉप कुरिअरनं घरी आला आणि आठ महिने तिनं ऑफिसचं तोंडही पाहिलं नाही. तिची नोकरी खरी आहे, पगार पहिल्या तारखेला होतो. मग माझ्या बाबतीतही तसंच घडलं तर मी संशय कशावर घ्यायचा होता? मी जुलैत एका नोकरीच्या पोर्टलवर बायोडाटा टाकला होता. त्यात लिहिलं होतं, करिअरमध्ये खंड, घरून काम हवं, अर्धवेळ चालेल. 4 ऑगस्टला फोन आला तेव्हा ती मुलगी माझाच बायोडाटा मला वाचून दाखवत होती. अशा पोर्टलवर मोबाइल नंबर सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका. माझा होता.

काम डेटा एंट्रीचं. स्कॅन केलेले अर्ज बघून त्यातली माहिती त्यांच्या साइटवर भरायची. सहा दिवसांत 480 फॉर्म, फॉर्मला 40 रुपये. करार पीडीएफवर आला, त्यावर स्टॅम्प पेपर, शिक्का, गुजरातमधला पत्ता. मी आधार, पॅन आणि पांढऱ्या कागदावरच्या सहीचा फोटो पाठवला. अकरा पानांचा करार मी वाचला, न वाचता सही करणारी मी नाही. नवव्या कलमात लिहिलं होतं की अचूकता 90 टक्क्यांच्या खाली गेली किंवा काम अपुरं राहिलं तर 'युटिलायझेशन चार्ज' म्हणून 6,850 रुपये भरावे लागतील. मी म्हटलं, 90 टक्के म्हणजे काय मोठं? मी टॅलीवर पैशाचा फरक न ठेवणारी बाई.

ते फॉर्म कसे होते तेही सांगते, कारण सापळा तिथेच होता. एका फॉर्मवर बावीस रकाने. अक्षरं मुद्दाम फिकट केलेली. 213 नंबरचा फॉर्म मला अजून दिसतो. त्यात तेरा अक्षरांचा कर्जाचा क्रमांक होता आणि त्यातलं सहावं अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ, हे मी भिंग घेऊन बघितलं, फोनवर फोटो काढून मोठं करून बघितलं, मुलीला झोपेतून उठवून दाखवलं. हेल्पलाइनला विचारलं तर उत्तर आलं, "जैसा दिखता है वैसा टाइप करें." 9 तारखेला राखीपौर्णिमा होती. भाऊ दुपारी येऊन तासभर बसून राहिला आणि मी आतल्या खोलीत फॉर्म भरत होते. घाईघाईत राखी बांधली आणि पुन्हा येऊन बसले.

शेवटच्या रात्री, 11 तारखेला, 451 फॉर्म झाले आणि साइट बंद पडली. रात्री साडेनऊपासून बारापर्यंत फिरणारं चक्र. मी सतरा वेळा फोन केला. बारा वाजता लॉगिन संपलं. दुसऱ्या दिवशी कामाच्या तपासणीचा, म्हणजे क्यूसी रिपोर्ट आला, काम अपुरं, अचूकता 86.4 टक्के. चुका कसल्या, तर नावानंतर दोन स्पेस पडल्या, पत्त्यात स्वल्पविराम राहिला, आणि 213 नंबरच्या फॉर्ममध्ये ओ च्या जागी शून्य.

आता ते लिहिते जे मला रात्री झोपू देत नाही.

13 तारखेला मी 6,850 भरायचं ठरवलं. वाटलं, सही केली आहे, भरून मोकळं व्हावं, 'एनओसी', म्हणजे ना-हरकत पत्र, मिळेल. त्यांनी क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केला. पैसे जाण्याआधी समोर खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव येतं, तसं आलं. ते कंपनीचं नव्हतं. एका मोबाइल शॉपीचं नाव होतं. मी ते वाचलं. नुसतं दिसलं असं नाही, मी ते वाचलं आणि माझ्या मनात स्पष्ट आलं की डेटा एंट्रीच्या कंपनीचे पैसे मोबाइलच्या दुकानाच्या खात्यात का? सहा वर्षं मी पार्टीचं नाव आणि खात्याचं नाव जुळल्याशिवाय एकही पेमेंट सोडलं नव्हतं. आणि त्या दिवशी, स्वतःच्या पैशाच्या वेळी, मी व्हॉट्सॲपवर विचारलं, "नाव वेगळं दिसतंय." तिकडून उत्तर आलं, "मॅडम, ते आमचं कलेक्शन अकाउंट आहे." मी पिन टाकला. गॅसवर कुकरची तिसरी शिट्टी होत होती. एवढा वेळ होता माझ्याकडे, तीन शिट्ट्यांचा, आणि मी त्यात थांबले नाही.

नाव जुळत नसेल तर रुपयासुद्धा सोडू नका. कुणीही काहीही कारण सांगो.

त्यानंतरचं लवकर सांगते, सगळ्यांना माहीत आहे ते कसं चालतं. एनओसी आली नाही, वकिलाची नोटीस आली. 9,400 स्टॅम्प ड्यूटी आणि सेटलमेंटचे. मग 14,500 वकिलाची फी. मग केस दाखल झाली म्हणून ती मागे घ्यायचे 22,750. फोनवरचा माणूस सभ्य भाषेत बोलायचा, हेच जास्त भयंकर होतं. 26 तारखेला निर्जळी उपास, घरात दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची तयारी, मखराला दिवे लावायचं चाललेलं, आणि तो म्हणाला, "गणपतीत तुमच्या दारात पोलिसांची गाडी उभी राहिली तर शेजारपाजारचे काय म्हणतील?" मला यांना, म्हणजे नवऱ्याला, सांगायचा धीर झाला नाही. भिशी त्याच महिन्यात माझ्या नावावर उघडली होती, 24,000 ची. मुलीच्या क्लासची फी त्यातून भरायची होती. त्यातले 22,750 गेले. तुम्हाला कुणी असं धमकावत असेल तर सगळ्यात आधी घरात सांगा. मी 13 तारखेला सांगितलं असतं तर 6,850 वर थांबलं असतं. यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, त्याचीच मला जास्त लाज वाटली.

पाचवी मागणी 48,000 ची आली तेव्हा गौरी बसल्या होत्या. मावसभावाचे मेहुणे तालुक्याच्या कोर्टात वकिली करतात, ते हळदीकुंकवाला बायकोला सोडायला आले होते. मी त्यांना फोनवरची नोटीस दाखवली. त्यांनी ती पुरती वाचलीसुद्धा नाही. "वहिनी, कलम बघा. भारतीय दंड संहिता कलम 420. ती संहिता 1 जुलै 2024 ला गेली, तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फसवणुकीचं कलम आता 318. तुमचा करारच ऑगस्ट 2025 चा. मग या नोटिशीत 420 कुठून आलं?" पुढे म्हणाले, टायपिंग चुकलं म्हणून कुणाला अटक होत नाही. करार मोडला तर तो दिवाणी वाद, त्यातही वाजवी असेल तेवढीच भरपाई कोर्ट देतं. उलट धमकी देऊन पैसे काढणं ही खंडणी, कलम 308. त्यांनी ई-कोर्ट्सच्या ॲपवर नोटिशीतला केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून बघितला. अशी केसच नव्हती. हे बघायला दोन मिनिटंही लागली नाहीत आणि एक पैसाही लागला नाही. केसची धमकी आली की पहिल्यांदा हे करा. आणि पोलिसांची हजर राहायची नोटीस व्हॉट्सॲपवर चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्येच तसं सांगितलं आहे. मला हे माहीत नव्हतं.

पण खरा संताप मला त्या चोरांइतकाच पुढच्या सगळ्यांचा आला.

1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या मुलीनं नीट ऐकून घेतलं, नोंद केली, पण म्हणाली की पैसे गेल्याच्या पहिल्या तासा-दोन तासांत फोन आला असता तर खातं गोठवता आलं असतं. ठीक आहे, उशीर माझा होता. नंतर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी करार वाचला आणि म्हणाले, "ताई, सही तुमची आहे. हे दिवाणी आहे." मी म्हटलं, नोटीस खोटी आहे, केस खोटी आहे, खंडणी आहे. म्हणाले, "कंपनीचा पत्ता गुजरातचा, गुन्हा तिकडे नोंदवावा लागेल." भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी तक्रार घ्यावी लागते, ज्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे मेहुण्यांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद पुढे केला तर साहेब म्हणाले, "कायदा आम्हाला शिकवू नका." दुसऱ्या खेपेला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं, एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस. तिथे चार तास बाकावर बसवून सांगितलं की रक्कम मोठी नाही, लाखांच्या तक्रारी पडून आहेत, आणि तुमच्या ठाण्याचं पत्र आणा. तिसऱ्या खेपेला पत्र द्यायचे साहेब बंदोबस्ताला. चौथ्या खेपेला नुसता अर्ज घेतला, पोच द्यायला का-कू केली, ती मी भांडून घेतली. एका हवालदारानं माझ्यासमोर दुसऱ्याला म्हटलं, "शिकलेल्याच बायका फसतात." ते माझ्या काळजात घुसलं. साहेब, मी गुन्हेगार म्हणून नव्हते आले तुमच्याकडे.

बँकेत तर आणखी वेगळं. "पिन तुम्हीच टाकला ना? मग व्यवहार अधिकृत." रिझर्व्ह बँकेचं ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं 2017 चं परिपत्रक होतं, पण ते आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी. धमकावून आपल्याच हातानं पाठवायला लावलेल्या पैशाला त्यात जागा नव्हती. मी म्हटलं, चारही व्यवहार ज्या खात्यांत गेले ती खाती कुणीतरी केवायसी करूनच उघडली ना? त्या माणसांचे फोटो, पत्ते बँकांकडे आहेत. तर मॅनेजर म्हणाले, ते आम्हाला सांगता येत नाही. माझं आधार चोरांकडे आहे, ते चालतं. चोराचं नाव मला सांगता येत नाही. आजवर चौथ्या व्यवहारातले 2,310 रुपये एका खात्यात गोठवलेले आहेत, ते परत मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. तीच ती मोबाइल शॉपी, पहिल्या खात्याची, ती चालू आहे की नाही हे मला कुणी सांगत नाही.

कागद दिले असतील तर पैशाचं रडणं बाजूला ठेवून आधी हे करा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, ॲपमधून होतं. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. माझ्या नावावर एक जास्तीचं निघालं, ते बंद करायला टाकलं. क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढून आपल्या नावावर कुणी कर्ज उचललंय का ते पाहा. आणि चॅट पुसू नका. मी लाजेनं पहिल्या आठवड्याचं चॅट पुसलं होतं आणि ठाण्यात नेमकं तेच मागितलं.

नवीन नंबरांवरून फोन अजून येतात. परवा आलेली बाई मराठीत बोलली, म्हणाली मी कोर्टातून बोलतेय. मी सीएनआर क्रमांक विचारला, फोन कट झाला. तो नंबर संचार साथीवरच्या 'चक्षू'वर, संशयास्पद फोनची तक्रार करायच्या सोयीत, नोंदवला.

मंगळवारी पुन्हा ठाण्यात जायचं आहे, अर्जाला आता अकरा आठवडे झाले. ज्यांच्याकडे अशीच नोटीस आली असेल, कलम 420, युटिलायझेशन चार्ज, 90 टक्के अचूकता, त्यांनी आपापल्या ठाण्यात अर्ज द्या, रक्कम 6,850 असली तरी द्या, आणि ज्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव त्यात ठळक लिहा. तीच मोबाइल शॉपी दुसऱ्या कुणाच्या अर्जात निघाली, तर माझ्या समोर "हे दिवाणी आहे" म्हणणाऱ्या साहेबांपुढे मला दोन अर्ज ठेवता येतील.