आरडॅप: भावाच्या शिक्षेतलं एक वर्ष कमी करणारा उपचार

माझा धाकटा भाऊ अमेरिकेतल्या फेडरल तुरुंगात आरडॅप पूर्ण करून आलाय. आरडॅप म्हणजे तुरुंगातच घ्यायचा व्यसनमुक्तीचा उपचार. तो पूर्ण केला तर शिक्षा जास्तीत जास्त एक वर्षाने कमी होऊ शकते, तशी तरतूद १९९४ च्या कायद्याने झाली. गुन्हा अमली पदार्थांचाच असावा लागतो असं नाही. भावाचा गुन्हा खोट्या बिलांचा होता. पाठीच्या ऑपरेशननंतर वेदनेच्या गोळ्या सुरू झाल्या, त्या सुटल्याच नाहीत, वर दारू.

सगळ्यात आधी सांगायचं ते पीएसआरबद्दल. शिक्षा ठरण्याआधी प्रोबेशन ऑफिसर मुलाखत घेऊन जो अहवाल लिहितात, तो हा. अटकेआधीच्या बारा महिन्यांत व्यसन होतं याची नोंद लागते आणि ती बहुतेक वेळा इथेच शोधतात. आई त्याला म्हणाली होती, "गोळ्यांचं बोलू नकोस, आहे ती अब्रू तरी राहू दे." त्याने ऑफिसरला सांगितलं, कधीमधी घेतो. ते एक वाक्य आम्हाला फार महागात पडणार होतं. अटकेच्या चार महिने आधी एका डॉक्टरांनी त्याच्या व्यसनावर उपचार केले होते. त्यांचे कागद मी मिळवून पाठवले, तेव्हा तो पात्र ठरला. आपल्या घरांत ही गोष्ट झाकायची सवय खोल आहे, म्हणून कळकळीने सांगते: त्या मुलाखतीत खरं बोला.

दुसरं, पैसे. "एक वर्ष नक्की कमी करून देतो" म्हणणाऱ्या एका सल्लागाराला आम्ही साडेतीन हजार डॉलर दिले. असं वचन कुणीच देऊ शकत नाही. न्यायाधीशसुद्धा फक्त शिफारस करतात, निर्णय तुरुंग खात्याचा. शिवाय सगळ्यांना वर्ष मिळतही नाही. शिक्षा ३० महिन्यांपर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिने, ३१ ते ३६ असेल तर नऊ, ३७ किंवा जास्त असेल तर बारा. भावाची शिक्षा ५४ महिन्यांची होती. इमिग्रेशनचा डिटेनर, म्हणजे सुटका झाल्यावर इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात द्या अशी नोटीस, असेल तर सूट नाही, हे ग्रीन कार्डवाल्यांनी वकिलाला आधीच विचारावं.

उपचार मात्र खरा आहे. ५०० तास, साधारण नऊ महिने, वेगळ्या युनिटमध्ये राहून. अर्धा दिवस उपचार, अर्धा दिवस काम. रोज सकाळी सगळे गोल बसतात आणि कुणी चुकीचं वागलं असेल तर ते सगळ्यांसमोर बोललं जातं. पहिले दोन महिने भाऊ फोनवर नुसता चिडायचा. मग आरएसए, म्हणजे स्वतःचे विचार तपासायचं टिपण, लिहायला लागला: काय घडलं, त्या वेळी मनात काय आलं, त्यातलं खरं किती. एकदा फोनवर त्याने आमच्या वडिलांच्या दारूबद्दलचा आरएसए वाचून दाखवला. वीस वर्षांत आम्ही भावंडं त्यावर कधी बोललो नव्हतो.

त्याच्या युनिटमध्ये एकजण होता, गुन्ह्यात बंदूक बाळगल्याबद्दल त्याची शिक्षा वाढली होती. बंदूक चालवलेली नसली तरी अशांना सूट नाही. लोपेझ विरुद्ध डेव्हिस खटल्यात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा नियम उचलून धरला. एक दिवसही कमी होणार नाही हे माहीत असून त्याने पूर्ण उपचार घेतला. भाऊ म्हणतो, सगळ्यात जास्त मी त्याच्याकडून शिकलो. अशा माणसाला काहीच मिळू नये हे मला पटत नाही.

उपचाराला माझ्याकडून पाचपैकी पाच, शिक्षेत सूट देण्याच्या नियमांना तीन.

आणि युनिटमधून बाहेर पडलं की संपलं, असं समजू नका. हाफवे हाऊस, म्हणजे तुरुंगातून घरी जाण्याआधी देखरेखीखाली राहायची जागा, तिथला टप्पाही पुरा करावा लागतो, तिथे घसरलं तर मिळालेली सूट जाऊ शकते. भावाचे सहा आठवडे उरलेत. मंगळवारच्या ग्रुपला मीच त्याला गाडीने सोडते आणि संपेपर्यंत बाहेर थांबते.