वॉल्डन तळे, कॉन्कर्ड: पायी जाऊन पाहावे असे ठिकाण

राल्फ वाल्डो इमर्सन आणि हेन्री डेव्हिड थोरो या एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन लेखकांविषयी वाचताना ही माणसे पुष्कळदा जमिनीपासून चार बोटे वर चालणारी वाटतात. ट्रान्सेंडेंटॅलिझम नावाची, रूढी आणि ग्रंथांहून अंतःप्रेरणेला वरचे स्थान देणारी त्यांची विचारसरणी कोणत्या मातीत रुजली हे ज्यांना पाहायचे आहे, त्यांनी मॅसॅच्युसेट्समधील कॉन्कर्ड गावाशेजारचे वॉल्डन तळे अवश्य पाहावे. १८४५ ते १८४७ अशी दोन वर्षे थोरो इथे स्वतः बांधलेल्या घरात राहिला आणि त्यावरच त्याने ‘वॉल्डन’ हे पुस्तक लिहिले. तळे आता राज्य सरकारच्या अखत्यारीतील राखीव क्षेत्र आहे, तिथली व्यवस्था चोख आहे आणि माझ्या मते अमेरिकन साहित्याच्या वाचकाला याहून उपयोगी ठिकाण त्या परिसरात दुसरे नाही. मात्र तिथे कसे जावे आणि आधी काय पाहावे, याचा विचार निघण्यापूर्वीच केलेला बरा.

बॉस्टनहून निघणाऱ्या एका सहलीच्या बसने मी गेलो होतो, ती व्यवस्था मात्र कोणालाही सुचवणार नाही. बस वाहनतळाशी थांबली, तिथेच उभारलेल्या थोरोच्या घराच्या प्रतिकृतीसमोर छायाचित्रे काढून झाली, जगाला विटून रानात गेलेला हा एक विरागी होता एवढे सांगण्यात आले आणि बस पुढे निघाली. मूळ घराची जागा रस्त्यापलीकडे, तळ्याच्या काठाने वीसेक मिनिटे चालत गेल्यावर लागते, हे कोणी सांगितलेही नाही. त्यापेक्षा बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनवरून फिचबर्ग मार्गावरील लोकल पकडून कॉन्कर्डला उतरावे आणि तिथून सुमारे अडीच किलोमीटर चालत जावे. हा लोहमार्ग १८४४ साली कॉन्कर्डपर्यंत आला, तो तळ्याला अगदी लगटून जातो आणि थोरो गावात जाण्यासाठी त्याच्याच कडेने चालत असे. गाव, रूळ आणि तळे यांच्यातले अंतर पायाखालून गेले, की ‘विरागी’ ही कल्पना आपोआप गळून पडते.

प्रतिकृती स्वतः चांगली आहे. दहा फूट रुंद आणि पंधरा फूट लांब अशा त्या एका खोलीत पलंग, मेज, चूल आणि तीन खुर्च्या आहेत. एक एकांतासाठी, दुसरी मैत्रीसाठी आणि तिसरी समाजासाठी, असे थोरोने लिहून ठेवले आहे. मूळ घराला २८ डॉलर साडेबारा सेंट खर्च आला आणि त्याचा हिशेब त्याने पुस्तकात खिळ्यांपासून चुन्यापर्यंत दिला आहे. फळ्या बहुतेक एका आयरिश रेल्वे-मजुराच्या मोडलेल्या खोपटाच्या होत्या, विटा आणि खिडक्याही जुन्याच. काटकसरीचे कौतुक करून इथे थांबणे पुरेसे नाही. माणसाचे आयुष्य कशात खर्च होते हे त्याने स्वतः तपासावे, रूढी आणि शेजारी यांच्या मताने चालू नये, हा इमर्सनने १८४१ च्या स्वावलंबनावरील निबंधात मांडलेला विचार थोरोने पैशांच्या रकान्यांत उतरवला होता. घर बांधले ती जमीनही इमर्सनचीच होती.

मूळ जागेवर आज घर नाही. १९४५ साली रोलंड रॉबिन्स या हौशी पुरातत्त्व संशोधकाने खोदून धुराड्याचा पाया शोधून काढला; आता तिथे ग्रॅनाइटचे नऊ खांब आणि बाजूला भेट देणाऱ्यांनी रचत नेलेली दगडांची रास आहे. इथे थोडा वेळ बसावे. निसर्ग हा केवळ देखावा नसून त्यात आणि माणसाच्या अंतरंगात एकच चैतन्य वावरते, ते जाणून घ्यायला ना धर्मपीठाची मध्यस्थी लागते ना ग्रंथप्रामाण्य, हे इमर्सनचे १८३६ च्या ‘नेचर’पासूनचे प्रतिपादन इथे पुस्तकी वाटत नाही. युनिटेरियन या त्रैक्य (ट्रिनिटी) न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या संयत, तर्कनिष्ठ वातावरणात वाढलेल्या या पिढीला अंतःप्रेरणेचा एवढा आधार का वाटला असेल, हेही समजू लागते.

मराठी वाचकाला इथे आणखी एक धागा सापडेल. १८४६-४७ च्या हिवाळ्यात मजुरांनी तळ्यावरचा बर्फ कापला. त्या काळी बॉस्टनचा बर्फ जहाजाने मुंबईपर्यंत जात असे, आणि आपल्या विहिरीचे, म्हणजे या तळ्याचे, पाणी मद्रास, मुंबई व कलकत्त्याचे लोक पितात, असे थोरोने लिहिले. लगेच पुढे तो सकाळी भगवद्गीतेच्या तत्त्वज्ञानात बुद्धीला स्नान घालतो आणि वॉल्डनचे पाणी गंगेत मिसळल्याची कल्पना करतो. रचून ठेवलेला तो बर्फ प्रत्यक्षात बराचसा वितळून तळ्यातच परतला, हेही त्यानेच प्रामाणिकपणे नोंदवले आहे. त्या उताऱ्यावर माझा फार जीव आहे.

याच मुक्कामात, जुलै १८४६ मध्ये, चांभाराकडचा बूट आणायला गावात गेला असता थोरोला थकलेल्या डोईपट्टीसाठी एक रात्र तुरुंगात ठेवले गेले. गुलामगिरीला पाठीशी घालणाऱ्या सरकारला त्याला कर द्यायचा नव्हता. यातून १८४९ साली छापलेला आणि पुढे गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचलेला निबंध निघाला. व्यक्तीची सदसद्विवेकबुद्धी कायद्याहून श्रेष्ठ मानणे म्हणजे समाजाकडे पाठ फिरवणे नव्हे, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी तळ्यापासून गावापर्यंतची ती वाट एकदा चालून पाहावी.

अभ्यागत केंद्रातले प्रदर्शन आटोपशीर आहे, वीसेक मिनिटांचा माहितीपट चुकवू नये आणि थोरो सोसायटीच्या दुकानात पुस्तकांची निवड जाणकाराने केलेली दिसते. उन्हाळ्यात पोहणाऱ्यांची गर्दी होते आणि जागा भरली की प्रवेश थांबवतात, म्हणून सकाळी लवकर किंवा ऑक्टोबरमध्ये जावे. गाडीने जाणाऱ्यांनी राज्याबाहेरच्या नंबरप्लेटला पार्किंगचे जास्त पैसे पडतात हे ध्यानात ठेवावे. याच वर्तुळातली लेखिका मार्गारेट फुलर तळ्यावर फारशी भेटत नाही, याची रुखरुख लागते. या मंडळींच्या ‘द डायल’ या नियतकालिकाची पहिली संपादक तीच, आणि आत्मविकासाचा हाच हक्क स्त्रीलाही आहे हे १८४५ साली ग्रंथरूपाने मांडणारीही तीच. म्हणून उरलेली दुपार गावासाठी राखावी. कॉन्कर्ड म्युझियममध्ये थोरोचे खरे हिरवे मेज आणि इमर्सनची मूळ सामानासह मांडलेली अभ्यासिका आहे, आणि इमर्सनचे घर रस्त्याच्या पलीकडेच आहे; ते वर्षभर उघडे नसते, तेव्हा वेळ आधी विचारून घ्यावी.