पोटरी फाटल्यावर दोन महिने गेले ते विक्रोळीच्या कन्नमवार नगरातलं फिजिओ क्लिनिक

जूनमध्ये दादरला पुलावरून उतरत होते, खाली चर्चगेट स्लो लोकल लागलेली दिसली म्हणून शेवटच्या पायऱ्या पळत उतरले आणि डाव्या पोटरीत मागून कोणीतरी काठी हाणल्यासारखं झालं. वळून बघितलं तर मागे कोणीच नाही. पाय टेकवेना.

घरी सगळे म्हणाले शीर आखडली असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी एका मसाज सेंटरला गेले, तिथे कोमट तेल लावून पोटरी अशी रगडली की रात्रीपर्यंत सुजून टम्म. प्लीज हे करू नका, ताज्या दुखापतीला चोळलं तर आतला रक्तस्राव वाढतो.

मग शेजारच्या काकूंनी हे क्लिनिक सांगितलं. तळमजल्यावर एकच खोली, दोन बेड आणि मध्ये पडदा. मला आवडलं ते हे की मॅडमनी पहिल्या दिवशी कुठलंही मशीन लावलं नाही, सूज बघून आधी डॉक्टरांकडे पाठवलं आणि डॉपलर, म्हणजे शिरांमधला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करायला लावलं, कारण पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली तरी पोटरी अशीच सुजते आणि दुखते. रिपोर्ट नॉर्मल आला तेव्हाच हात लावला. पालथं झोपवून पोटरी हलकेच दाबली, पाऊल आपोआप हललं, म्हणजे टाचेमागची जाड दोरी, अकिलीस टेंडन, शाबूत. फाटला होता तो गॅस्ट्रोक्नेमियस, म्हणजे पोटरीचा वरचा स्नायू, त्याचा आतल्या बाजूचा भाग.

त्यांच्या टेबलावर पायाचं प्लास्टिकचं मॉडेल आहे, स्नायू सुटे करता येतात असं. पोटरी म्हणजे मांसाचा एकच गोळा असं मला आजवर वाटायचं! वरचा गॅस्ट्रोक्नेमियस मांडीच्या हाडापासून निघतो म्हणजे गुडघा आणि घोटा दोन्ही ओलांडून जातो, त्याच्याखाली चपटा सोलियस, तो निघतो गुडघ्याखालच्या हाडांपासून, आणि खाली दोघं एकाच टेंडनने टाचेला चिकटतात. म्हणून गुडघा सरळ ठेवून टाच उचलली की वरच्या स्नायूवर जास्त जोर येतो आणि गुडघा वाकवून उचलली की सोलियसवर, त्यामुळे माझे व्यायामही दोन वेगळे होते. आणि स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, आतमध्ये मायोसिनचे बारीक धागे अ‍ॅक्टिनच्या धाग्यांना धरून खेचतात तेवढंच. मी पळाले तेव्हा गुडघा सरळ, टाच खाली, म्हणजे स्नायू दोन्ही टोकांनी ताणलेला आणि त्याच क्षणी मी त्याला जोर लावायला लावला. ऐकून एकदम लख्ख कळलं की नेमकं काय झालं ते.

हे कळल्यामुळेच मी घरचे व्यायाम चुकवले नाहीत. आधी नुसतं पाऊल हलवणं, मग खुर्चीत बसून टाच उचलणं, मग उभं राहून, आणि शेवटी पायरीच्या कडेवर उभं राहून टाच अगदी सावकाश खाली सोडणं, हा सगळ्यात कठीण. लोकलमध्ये उभं असताना टाचा वरखाली करत राहा असंही सांगितलं, पोटरी आवळली की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. तेव्हापासून रोज विक्रोळी ते दादर करते, पायांची संध्याकाळची सूज खरंच कमी झालीये.

आठव्या आठवड्यात दादरचा पूल एका दमात चढले, उतरले. रडू आलं हो.

तक्रार एकच, संध्याकाळी फार खोळंबा होतो, अपॉइंटमेंट असून चाळीस मिनिटं बसले आणि बाहेर दोनच खुर्च्या, दुखऱ्या पायाने उभं राहणं त्रासाचं आहे, अजून खुर्च्या ठेवाच. पहिल्या तपासणीचे आठशे, नंतर दर वेळी पाचशे, जीपे चालतं. सकाळी आठची वेळ मागून घ्या, आणि सैल पायजमा घालून जा, गुडघ्याच्या वर सरकवता आला पाहिजे.