तीन हंगाम, पाच हॉर्सपॉवर आणि भिगवणचं पाणी

सोसायटीच्या पार्किंगमध्ये निळ्या पिंपात इंजिनाचं खालचं टोक बुडवून मी दोरी ओढली, तेव्हा सेक्रेटरी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं खाली आले. त्यांना वाटलं जनरेटर बसवतोय. हडपसरच्या पार्किंगमध्ये बोटीचं इंजिन कशाला, हे त्यांना समजावण्यात माझा चहा गार झाला.

बोट माझी नाही, दाजींची. बहीण भिगवणजवळच्या डिकसळला दिलीय, उजनीच्या काठावर. दाजी मासेमारी करतात आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत पुण्या-मुंबईच्या लोकांना फ्लेमिंगो दाखवायला नेतात. बोट अठरा फुटी, फायबरची, जड. मी भोसरीच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं फिटर होतो, त्यामुळे इंजिन निवडायचं आणि निगा ठेवायची जबाबदारी आपोआप माझ्याकडं आली.

घेतलं ते तोहात्सूचं पाच हॉर्सपॉवर, चार-स्ट्रोक, एक सिलिंडर, 123 सीसी. तीन हंगाम झाले, म्हणून आता लिहितोय. एका महिन्यावर लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा विश्वास नाही.

दाजींना पंधराचं हवं होतं. "पावणं, शेजारच्याकडं पंधराचंच हाय, कसं सुसाट जातंय बघा." शेजाऱ्याची बोट हलकी, चपट्या तळाची, ती पाण्यावर उचलली जाते. आमची पाणी कापत जाणारी. अशा बोटीचा वेग तिची लांबी ठरवते. पाण्यातली लांबी सोळा फूट धरली तर ताशी दहा किलोमीटरच्या आसपास ती अडते. त्यापुढं कितीही घोडे जुंपा, मागचा भाग खाली बसतो, नाक वर येतं आणि पेट्रोल जातं. पक्षी बघायला तसंही कुणाला सुसाट जायचं नसतं.

दुसरं कारण साधं आहे. इंजिन रात्री काठावर ठेवता येत नाही, सकाळी मिळेलच असं नाही. पंधराचं चार-स्ट्रोक म्हणजे चाळीस-पन्नास किलो. हे सव्वीसच्या आसपास, दाजी खांद्यावर टाकून घरी आणतात. होंडाचं बीएफ 2.3 पण मनात होतं. तेरा-चौदा किलो, हवेवर थंड होणारं, त्यामुळे पाण्याच्या पंपाची कटकटच नाही. पण त्याला रिव्हर्स गिअर नाही, अख्खं इंजिन फिरवून मागं यायचं. दोघांच्या छोट्या होडीला ते उत्तम. सहा माणसं आणि त्यांच्या कॅमेऱ्यांच्या बॅगा म्हटल्यावर नाही.

घ्यायच्या आधी टेप घेऊन बोटीची मागची फळी मोजा, हे मात्र कळकळीनं सांगतो. शाफ्ट म्हणजे इंजिनाचा पाण्यात जाणारा दांडा: शॉर्ट पंधरा इंची फळीसाठी, लाँग वीस इंची. आमची भरली सतरा! शॉर्ट घेतला आणि फळीला मधोमध दोन इंच खाच पाडली. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं किंचाळतं.

पहिली चूक माझीच. वॅगन आरच्या डिकीत इंजिन आडवं टाकून आणलं, हव्या त्या कुशीवर. चार-स्ट्रोकमध्ये ऑइल असतं आणि ते एकाच कुशीवर निजवायचं असतं, तसं चित्र पुस्तिकेत आहे. मी पुस्तिका उघडली नव्हती. ऑइल सिलिंडरमध्ये शिरलं, पहिल्याच दिवशी असा निळा धूर झाला की काठावरची पोरं टाळ्या वाजवायला लागली. प्लग काढून पुसला, दोरी ओढून ऑइल बाहेर काढलं, सुटलो.

दुसरी चूक महागात गेली. पावसाळ्यात इंजिन चार महिने घरात होतं, टाकीत पेट्रोल तसंच. पंपावर आता मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल, आणि पुस्तिका दहाच्या वर जाऊ नका म्हणते. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ऑक्टोबरमध्ये कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर तळाशी पिवळट चिकट थर, वास रंगाच्या डब्यासारखा. जेट, म्हणजे ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो पितळी तुकडा, उजेडाकडं धरला, भोक दिसेना. वायरमधली एकच तांब्याची तार काढून हळूच घातली, पेट्रोलमध्ये धुतला, तेव्हा मोहरीएवढाही नाही असा उजेडाचा ठिपका दिसला. आता नियम केलाय: लागेल तेवढंच पेट्रोल न्यायचं आणि परत आल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवायचं. भाच्याला हे काम आवडतं. "मामा, मेलं बघा," म्हणतो.

इंजिन थंड करून आलेल्या पाण्याची बारीक धार चालताना मागून येते, नजर कायम तिच्यावर हवी. धार थांबली तर इंजिन त्याच क्षणी बंद. उजनीत गाळ, जलपर्णी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, काय नाही ते आहे. गेल्या एप्रिलमध्ये धार लुळी पडली. खालचा भाग उतरवला, पंपातला पाणी ओढणारा रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, तळहातावर घेतला. पाती सगळी एकाच बाजूला कायमची वाकलेली, एकाच्या मुळाशी नखानं उघडेल अशी भेग. गाळात पंप झिजणारच, त्याचा दोष इंजिनाला देत नाही. पण नवा इम्पेलर यायला तीन आठवडे लागले, "उद्या पाठवतो" ऐकून कान किटले, आणि ते ऐन सीझनमध्ये. तेव्हा एक जास्तीचा इम्पेलर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा. प्लग मात्र नाना पेठेत मिळाला, जुना नमुना घेऊन गेलो होतो.

गिअर ऑइल दर हंगामाला बदलतो. खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बुडबुड्याशिवाय वाहायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. उलट केलंत तर सगळं पायावर. निघालेलं ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय, सील गेलं समजा. आमचं पहिल्याच वर्षी गेलं, कारण पंख्यामागं जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता. आता महिन्यातून एकदा पंखा काढून बघतो. इंजिन ऑइल पहिल्या वीस तासांनी, मग दर शंभर तासांनी, जेमतेम अर्धा लिटर.

तक्रारी? एक सिलिंडर म्हणजे थरथर आलीच. हळू चालताना फोटो काढणारे बोलतात, मग दाजी इंजिन बंद करून बांबूनं ढकलतात. अंगची टाकी लिटरभराची, लांब जायचं तर बाहेरची जोडायला लागते. पाणी उतरल्यावर पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, ते बघायला पब्लिक येतं आणि दुपारचं वारं समोरून असतं. तेव्हा पाच हॉर्सपॉवर कमी पडते, खोटं कशाला बोलू. सहा माणसं घेऊन परत यायला एकदा दुप्पट वेळ लागला, आणि वाटेत दाजी माझ्याकडं एका शब्दानंही न बोलता बघत होते.

चार माणसं, शांत पाणी, इंजिन रोज उचलून न्यायचं असेल तर डोळे झाकून घ्या. कायम सहा असतील तर तोहात्सूचंच 9.8 हॉर्सपॉवरचं बघा, वजन सदतीस किलो आहे आणि ते तुमच्या खांद्याला विचारून. दाजींनी त्याची किंमत काढायला सांगितलीय. मी अजून फोन केलेला नाही.