जोधपूरच्या हवेचा पाच दिवसांचा अंदाज : विट्यातून वापरणाऱ्याचे परीक्षण

विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातील किती घरांचा एक पाय गलाईच्या धंद्यामुळे परराज्यात असतो, हे सांगली जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही. माझ्या पुतण्याची सोने-चांदी गाळण्याची भट्टी जोधपूरला आहे. त्याच्या मुलीला दमा असल्यामुळे उन्हाळा लागला की तिथल्या हवेची चौकशी आमच्या घरात पाऊसपाण्याच्या चौकशीइतकीच नित्याची होते. त्यासाठी मी ‘विंडी’ हे नकाशाचे ॲप वापरतो. त्यातील धूळ आणि प्रदूषणाचे थर ‘कॅम्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोपर्निकस वातावरण निरीक्षण सेवेकडून येतात. युरोपीय संघासाठी युरोपीय मध्यम पल्ल्याचे हवामान अंदाज केंद्र ही सेवा चालवते आणि दिवसातून दोनदा, पुढील पाच दिवसांचा, साऱ्या जगाचा अंदाज मोफत देते. हे परीक्षण त्या अंदाजाचे आहे, ॲपच्या रंगरूपाचे नाही.

धुळीच्या बाबतीत हा अंदाज उपयोगाचा आहे, असे मी निःशंकपणे म्हणेन. एप्रिल ते जून या काळात थरच्या वाळवंटावर वारा जोर धरू लागला की नकाशावर पश्चिमेकडे एक तपकिरी पट्टा उमटतो, आणि खालची वेळेची पट्टी बोटाने पुढे सरकवली की तो जैसलमेर-बाडमेरवरून जोधपूरकडे येताना दिसतो. त्यामागचे गणित सुटसुटीत आहे. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला आणि माती कोरडी असली की धूळ उठते, हे अंदाज काढणाऱ्या संगणकी प्रारूपाला शिकवलेले आहे. शिवाय हवेतील कणांमुळे प्रकाश किती अडतो, याच्या उपग्रहांनी घेतलेल्या नोंदीही त्यात मिसळल्या जातात. त्यामुळे मोठ्या प्रदेशावर पसरणाऱ्या, दोन-तीन दिवस टिकणाऱ्या धुळीची चाहूल बऱ्यापैकी आधी लागते. जून २०१८च्या मध्यावर राजस्थानकडून आलेल्या धुळीने दिल्लीची हवा ‘अतिगंभीर’ श्रेणीत नेली होती. तशा प्रकारच्या घटनांसाठीच हे साधन बनले आहे.

मात्र आकडा वाचताना सावध राहावे लागते. बाजारातील अनेक ॲप हवेच्या गुणवत्तेचा अमेरिकी निर्देशांक दाखवतात आणि आपले केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ भारतीय निर्देशांक देते. दोन्हींच्या पट्ट्या निराळ्या आहेत. पीएम २.५ची, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कणांची, पातळी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय निर्देशांक १०० म्हणजे ‘समाधानकारक’ येतो, आणि अमेरिकी निर्देशांक दीडशेच्या वर जाऊन हवा आरोग्याला अपायकारक ठरवतो. यावरून अमेरिकी मोजपट्टी नेहमीच अधिक कडक असते, असा समज पसरला आहे. वाळवंटी शहरात तो फसतो. तिथे मुख्य भर जाड धुळीचा, म्हणजे पीएम १०चा असतो, आणि त्या बाबतीत उलटे घडते: घनमीटरला ३५० मायक्रोग्रॅम पातळीला भारतीय निर्देशांक ३०० भरतो, तर अमेरिकी निर्देशांक २००च्या आतच राहतो. म्हणून जोधपूरसाठी मी एकत्रित निर्देशांक पाहतच नाही. धुळीचा थर निवडून शहरावर बोट ठेवावे आणि मायक्रोग्रॅममधील आकडा वाचावा, हे उत्तम.

कारखान्यांच्या धुराविषयी माझे मत इतके चांगले नाही. जोधपूर हे वाळवंटाच्या काठावरचे शहर असले, तरी बासनी आणि बोरानाडा या तिथल्या औद्योगिक भागांत पोलादाच्या रोलिंग मिल, कापडाची रंगाई-छपाई आणि लाकडी हस्तकलेचे कारखाने आहेत. कॅम्सच्या जागतिक अंदाजाचा एकेक चौकोन सुमारे ४० किलोमीटरचा असतो. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर विटा आणि तासगाव एकाच चौकोनात मावू शकतात. साहजिकच बासनीचा धूर आणि शहरातल्या मेहरानगड किल्ल्याखालच्या गल्ल्यांतील हवा यांत या अंदाजाला फरक करता येत नाही. उत्सर्जनाचे आकडेही आधी केलेल्या हिशेबातून घेतलेले असतात, त्यामुळे एखादी मिल आज रात्री सुरू आहे की बंद, हे प्रारूपाला कळायला वाव नाही. जमिनीवरील मोजणी केंद्रांच्या नोंदी या जागतिक अंदाजात मिसळल्या जात नाहीत. हिवाळ्यात, थंड हवा जमिनीलगत अडकून धूर पहाटेपर्यंत खालीच साचतो तेव्हा, ही उणीव अधिक ठळक होते. युरोपपुरता कॅम्सचा वेगळा, सुमारे १० किलोमीटरचा अंदाज आहे. तसा पश्चिम भारतासाठी असता, तर या परिच्छेदाची गरजच उरली नसती.

तिसरी गोष्ट अचानक येणाऱ्या आंधीची. संध्याकाळी गडगडाटी ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर पसरते आणि अर्ध्या तासात शहर धुळीत बुडते. असा लहान ढग एवढ्या मोठ्या चौकोनात चार दिवस आधी पकडता येत नाही. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचा पुढील तीन तासांसाठीचा तात्काळ इशारा पाहणे हाच मार्ग आहे. प्रत्यक्ष मोजलेली हवा पाहायची असेल, तर प्रदूषण मंडळाचे ‘समीर’ ॲप आहे. त्यात जोधपूरच्या कलेक्टोरेट केंद्राचा निर्देशांक मिळतो, परंतु धूलिकणांसाठी तो मागील २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असल्यामुळे नुकतीच येऊन गेलेली आंधी त्यात पातळ होऊन दिसते.

मध्यंतरी धुळीची सूचना मी आधी कळवली होती. पुतण्याने खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावली, मुलीला घरात ठेवले, आणि रात्री फोनवर म्हणाला, “काका, धूळ सांगितल्यासारखी आली, पण आमच्या गल्लीतल्या तेजाबाच्या धुराचा अंदाज कोण देणार?” प्रश्न रास्त आहे. सोने शुद्ध करताना नायट्रिक आम्लात चांदी विरघळवली की नायट्रोजन डायऑक्साइडच्या तांबूस वाफा निघतात, आणि दम्याला त्या धुळीइतक्याच वाईट. नकाशावर नायट्रोजन डायऑक्साइडचा थर आहे खरा, पण तो पाहून भट्टीजवळच्या हवेविषयी काही ठरवणे निरर्थक आहे. तिथे धुराडे पुरेसे उंच असणे, वाफा ओढणारा पंखा चालू असणे आणि निजायची खोली भट्टीपासून दूर असणे, एवढेच कामाचे.

एकंदरीत, मारवाडात माणसे असलेल्या आपल्या भागातील कुटुंबांना मी हा अंदाज उन्हाळ्यापुरता अवश्य सुचवेन. त्यासाठी पैसे भरण्याची गरज नाही, मोफत आवृत्ती पुरते. पहिल्या दोन दिवसांवर विसंबून बेत करावेत, पुढच्या तीन दिवसांकडे नुसती चाहूल म्हणून पाहावे आणि रोज नवा अंदाज आल्यावर ते पुन्हा तपासावेत. मोसमी पाऊस तिकडे पोहोचल्यावर धूळ बसते, आणि दिवाळीनंतर मी तो थर उघडतही नाही. त्या दिवसांत ‘समीर’वरचा आकडा आणि रात्रीच्या वाऱ्याचा वेग, एवढेच पाहून पुतण्याला फोन करतो.